वेल, वैदू आणि बुरशी

मेक्सिकोत रताळ्याच्या कुळातली, पांढऱ्या फुलांची एक रानवेल आढळते. तिच्या बियांना अ‍ॅझ्टेक लोक ओलोलिउकी म्हणत. वैदू त्या वाटून पाण्यातून घेत आणि येणाऱ्या गुंगीत रोग्याच्या दुखण्याचे कारण शोधत. स्पॅनिश वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ यांनी १५७० च्या दशकात या वेलीची नोंद केली.

पुढे शास्त्रज्ञांना मात्र हे पटेना. या कुळात गुंगी आणणारे द्रव्य माहीतच नव्हते. १९१५ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड यांनी तर ओलोलिउकी म्हणजे धोतराच, असे मांडले. १९४१ मध्ये रिचर्ड शुल्टेस यांनी वेलीची ओळख पक्की केली. १९६० मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी बियांत लायसर्जिक आम्लाची संयुगे सापडल्याचे जाहीर केले. तोवर ही संयुगे अरगटासारख्या बुरशीतच मिळाली होती. हॉफमन यांचे काम अरगटावरच चाले. तिथलाच अंश मिसळला असणार, अशी शंका काहींनी घेतली.

उत्तर मिळाले जर्मनीत. याच कुळातल्या दुसऱ्या एका वेलीला बुरशीनाशक दिल्यावर ही संयुगे नाहीशी झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये या वेलींवरच्या बुरशीला पेरिग्लँड्युला हे नाव मिळाले. ती पानांवर वाढते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते.

म्हणजे वैदूंचे निरीक्षण खरे होते, आणि रसायनशास्त्रज्ञांचा नियमही. नियमात बसत नाही म्हणून आपण निरीक्षणच नाकारतो, तेव्हा शोध तेवढा लांबतो.