कष्टार्तवावरील उपचारांचे संशोधन

कष्टार्तव म्हणजे मासिक पाळीच्या काळात ओटीपोटात होणारी तीव्र वेदना. कोणताही अंतर्गत आजार नसताना होणाऱ्या वेदनेस प्राथमिक कष्टार्तव, तर एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील गाठी इत्यादींमुळे होणाऱ्या वेदनेस दुय्यम कष्टार्तव म्हणतात.

कारणाचा शोध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेदना मुख्यतः मानसिक आहे, असे मत वैद्यकात प्रचलित होते. १९५७ मध्ये इंग्लंडमधील संशोधक व्हर्नन पिकल्स यांनी मासिक स्रावात स्नायूंचे आकुंचन घडवणारा पदार्थ असल्याचे दाखवले. पुढे तो प्रोस्टाग्लँडिन या गटातील असल्याचे सिद्ध झाले आणि वेदना होणाऱ्या स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून हे द्रव्य स्रवते. त्यामुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. मळमळ व जुलाब यांचे कारणही बहुधा तेच असते. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ‘मनाची’ म्हणून दुर्लक्षिलेल्या वेदनेला असा शारीरिक आधार सापडला.

वेदनाशामके

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे याच तत्त्वावर कार्य करतात. चाचण्यांत काही स्त्रियांना औषध, तर काहींना प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली जाते. वेदना मोजण्याचे यंत्र नसल्याने स्त्रीने स्वतः दिलेले गुण हेच माप असते. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा ८० चाचण्या तपासण्यात आल्या. प्लासिबो घेणाऱ्या सुमारे १८ टक्के स्त्रियांना चांगला आराम पडत असेल, तर ही औषधे घेतल्यास ते प्रमाण ४५ ते ५३ टक्के होते, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजेच अनेकींना या गोळ्यांनी पुरेसा आराम पडत नाही. पोटदुखी, मळमळ, पेंग हे दुष्परिणामही नोंदले गेले. भारतात सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये दिला. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे अस्तर पातळ राहून प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते. त्यामुळे त्याही उपचार म्हणून वापरल्या जातात.

इतर उपचार

पोट शेकण्याच्या घरगुती उपायाचीही परीक्षा झाली आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सतत मंद उष्णता देणारी पट्टी आयबुप्रोफेनइतकीच गुणकारी ठरली. मात्र गरम पट्टी कोणती, हे वापरणारीला कळतेच. त्यामुळे अशा चाचणीत अपेक्षेचा प्रभाव पूर्णपणे टाळता येत नाही. आले, मेथी इत्यादींवरील चाचण्या लहान असून कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात आहारपूरकांविषयी उच्च दर्जाचा पुरावा आढळला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिल्डेनाफिल या औषधाने वेदना कमी झाल्याचे दिसले. परंतु तीत केवळ २५ स्त्रिया होत्या.

दुय्यम कष्टार्तव असलेल्या स्त्रियांना या चाचण्यांतून बहुधा वगळले जाते. त्यामुळे हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. औषधाने न थांबणारी किंवा दरवर्षी वाढत जाणारी वेदना असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक असते.