सोळा जण

मागच्या व्याख्यानात आपण १८९७ च्या सुधारशाळा कायद्यापर्यंत आलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "चोऱ्यामाऱ्या करणारा पोरगा सुधारेल हो, पण ज्याने रक्त सांडलंय, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. आमचा विषय तत्त्वज्ञानाचा, तरी याचं उत्तर आपण इतिहासात शोधू. त्यासाठी थोडं दूर, अमेरिकेत जावं लागेल.

विस्कॉन्सिन राज्याने १९९५ मध्ये कायदा करून मेंडोटा किशोर उपचार केंद्र उभं केलं, मॅडिसन शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. मुलं कोणती? ज्यांच्यापुढे सुधारगृहांनीही हात टेकले होते, ती. दारांना कुलपं होतीच. पण कारभार मानसोपचार जाणणाऱ्यांच्या हाती.

त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. मुलगा अंगावर येतो म्हणून त्याला कोंडायचं. कोंडला की तो आणखी चवताळतो, म्हणून आणखी कोंडायचं. हे चक्र मुलगा तोडेल याची वाट बघायची नाही, आपणच आधी तोडायचं. तो कसाही वागो, त्याच्याशी बोलणं थांबवायचं नाही. आजच्या वागण्यावर उद्याच्या सवलती ठरणार. उद्या नीट वागला, तर परवा पुन्हा संधी. जुनी खाती उकरायची नाहीत. हे लाड नव्हेत बरं का!

पुढे त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०१ मुलांवर तिथे पुरेसे उपचार झालेले. १४७ मुलं नुसती तपासून परत पाठवलेली. सुटकेनंतरच्या काही वर्षांत दुसऱ्या गटाच्या हातून सोळा माणसं मारली गेली. पहिल्या गटाकडून एकही नाही. आता, हे गट काही चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, म्हणून सावधपणे बोलायला हवं. शिवाय पहिल्या गटातले सगळे साधुसंत झाले असंही नाही. पुष्कळांनी पुन्हा गुन्हे केले. पण हिंसा बरीच घटली.

आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवता येतो. मात्र दोषी ठरला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, 'सुरक्षित ठिकाणी' ठेवायचं आहे. तिथे समुपदेशन नि मानसोपचारही द्यायचे आहेत. खटला कसा चालवावा यावर आपण तावातावाने भांडलो. त्या चार भिंतींत रोज काय घडतं, हे किती जणांनी विचारलं?

दया दाखवा, असं आमचं म्हणणं नाही. आम्हाला ती सोळा माणसं आठवतात.