मोर्तब नसलेला कागद

नाशिककरांना गोदावरीचा पूर मोजावयास फूटपट्टी लागत नाही. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे; पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, एवढे कळले म्हणजे पुरे. गंगापूर धरणातून किती हजार क्यूसेक पाणी सोडले या आकड्याने ज्याला काहीच बोध होत नाही, तोही 'मारुतीच्या गळ्याशी पाणी आलंय' एवढे ऐकताच छत्री शोधू लागतो. २०१९ च्या ऑगस्टात मारुती डोक्यासकट बुडाला होता. ज्यांनी तो पूर पाहिला, ते अजून त्याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मारुतीचा पत्ता नाही, नुसते गढूळ पाणी घोंघावते आहे, आणि खाली ओळ : 'आत्ताचे दृश्य.' माझी थोरली बहीण भांडी बाजारात राहते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. मी क्षणाचाही विलंब न लावता तो व्हिडिओ तिला पाठवला. वर 'ताई, सांभाळ' असे दोन शब्द पदरचे जोडले. ताईने आणि दाजींनी दुकानातल्या पोराला झोपेतून उठवले आणि रात्री एक वाजेपर्यंत तांब्यापितळेची भांडी माडीवर चढवली. त्या रात्री पाणी काही मारुतीच्या गुडघ्यावर गेले नाही. दाजींची कंबर मात्र जी धरली, ती नवरात्र येईपर्यंत सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला. आपली चूक आपणच विनोद म्हणून सांगितली की ती थोडी हलकी होते, असा माझा अनुभव आहे. तो व्हिडिओ एका मुलाच्या घरीही आला होता. तो मागच्या बाकावरून उठून म्हणाला, "सर, पण रात्री साडेनऊला एवढा उजेड कसा?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण मनातून पुरता वरमलो. व्हिडिओत लख्ख दिवस होता आणि माझ्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख. दोन्ही मी एकाच वेळी पाहत होतो. चित्र २०१९ सालचे होते, आणि मी इतिहासाचा शिक्षक आहे!

इतिहासाचा शिक्षक म्हणून वरमलो, याला कारण आहे. कागद तपासून घेण्याची विद्या महाराष्ट्राला काही नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पानिपतच्या काळच्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली छापला, तेव्हापासून आपल्याकडे एक गोष्ट रुजली : बखर कितीही रसाळ असो, अस्सल पत्राचा चिटोरा तिच्याहून मोलाचा. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि संशोधक मंडळी एकेका कागदाची उलटतपासणी घेऊ लागली. पत्रात तिथी आहे आणि वारही आहे. मग जंत्री काढून पाहावे, त्या तिथीला तो वार होता काय? नसेल तर कागदाकडे संशयाने बघावे. मायना त्या काळचा आहे काय, अक्षराचे वळण त्या दफ्तरातले आहे काय, आणि मुख्य म्हणजे हा कागद इतकी वर्षे कोणाच्या पेटीत होता?

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि अखेरीस मर्यादेची छोटी मोर्तब. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, असा तिचा अर्थ. खालचा भाग कोणी फाडून टाकला तर मोर्तबही जाई आणि कागद अपुरा आहे हे पाहताक्षणी कळे. ज्याने ही युक्ती काढली, त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

आणि तरीही महाराष्ट्रातले दोन अतिशय बुद्धिमान आणि अतिशय प्रामाणिक संपादक खोट्या कागदांवर विश्वास ठेवून तुरुंगात गेले.

१८८१ च्या जानेवारीत पुण्याहून 'मराठा' आणि 'केसरी' ही पत्रे निघाली. 'मराठा' इंग्रजी, तो टिळकांकडे. 'केसरी' मराठी, तो आगरकरांकडे. दोघेही १८५६ च्या जुलैत जन्मलेले, म्हणजे पत्रे निघाली तेव्हा पंचविशीही न गाठलेले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. ते दत्तक येऊन १८७१ साली, अगदी लहान वयात, गादीवर बसलेले. महाराजांच्या मनाचा तोल सुटला आहे, असे सरकारचे आणि दरबारच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे. लोकांचे म्हणणे वेगळे होते : महाराज शहाणे आहेत, त्यांना छळून वेडे ठरवले जात आहे, आणि याच्या मुळाशी कारभारी माधवराव बर्वे आहेत. पुण्यात घरोघर हाच विषय चाले. छत्रपतींच्या गादीची गोष्ट, तेव्हा लोकांच्या काळजाला हात घालणारीच.

अशा वेळी बर्व्यांच्या नावाची काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली. महाराजांविरुद्ध कट चालला आहे, असा त्यांचा अर्थ होत होता. आणून देणारी माणसे विश्वासू वाटली. दोन्ही पत्रांनी कोल्हापूर प्रकरणावर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, खटला मुंबईच्या हायकोर्टात गेला, आणि ती पत्रे बनावट ठरली.

मला येथे नेहमी थबकावे लागते. आगरकर म्हणजे प्रत्येक रूढीला 'का?' म्हणून विचारणारा माणूस. टिळक तर गणिती. सिद्धतेवाचून एक पायरी पुढे न जाणारे. मग ही पत्रे पाहताना त्यांचा 'का?' आणि त्यांची सिद्धता गेली कोठे? मला वाटते, त्या पत्रांनी त्यांना नवे असे काही सांगितलेच नाही. जे खरे आहे अशी मनाची खात्री होऊन चुकली होती, तेच कागदावर उतरून समोर आले. आपल्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या कागदाला आपण दहा प्रश्न विचारतो. आपल्याच मनातले बोलणाऱ्या कागदाला मात्र आपण पाट देतो, पाणी देतो आणि जेवावयास बसवतो. मारुती बुडाला, हे मला तरी खरे का वाटले? दिवसभर पाऊस कोसळत होता आणि मी संध्याकाळपासून हीच बातमी यायची वाट पाहत होतो.

पत्रे बनावट असल्याचे कळल्यावर दोघांनी क्षमायाचना केली. पण खटला थांबला नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले आणि या तरुण मंडळींच्या डोक्यावरचे छत्र गेले. जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून पुण्याच्या रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांची हमी दिली. फुल्यांचे आणि या मंडळींचे किती गोष्टींत जुळत नसे, हे ज्याला माहीत आहे त्याला या हमीचे मोल अधिक वाटेल. १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली आणि दोघांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे होऊन तीनच दिवस झाले होते. टिळकांचा वाढदिवस सहा दिवसांनी तुरुंगातच उजाडला. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले, तेव्हा दाराशी मोठा समुदाय जमला होता. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांचे पुस्तक या प्रकरणातूनच निघाले.

आपण हे प्रकरण सहसा येथेच, हारतुऱ्यांत, संपवतो. पण त्याचा पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात मरण पावले. देखरेखीवर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. म्हणजे महाराजांविषयी लोकांना वाटत असलेली चिंता काही पोकळ नव्हती. त्या चिंतेच्या हाती खरा पुरावा हवा होता आणि कोणीतरी तिच्या हाती खोटी पत्रे दिली. कोर्टात ती पत्रे कोसळली, तेव्हा त्यांच्याखाली ती खरी चिंताही चेंगरली.

टिळक-आगरकरांना निदान त्या चुकीची किंमत स्वतः मोजता आली. आजच्या खोट्या कागदाची किंमत बहुधा तिऱ्हाइताला मोजावी लागते.

१ जुलै २०१८ चा रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होती. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तेथे आली. लोकांनी त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि पाचांनाही ठार मारले. त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावातही हेच व्हायचे. एका कुटुंबाला, त्यात दोन वर्षांचे मूल होते, पोलिसांनी जमावाच्या हातून कसेबसे सोडवले.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतला एक फार प्रसिद्ध आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणारे मूल उचलतात आणि पसार होतात. पत्रकारांनी तो मुळापर्यंत शोधत नेला, तेव्हा तो पाकिस्तानातल्या कराचीचा निघाला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी तो बनवून घेतला होता. मूळ फितीत ती दोन माणसे परत येतात, मूल खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात : मूल पळवणे किती सोपे असते पाहा! कोणीतरी हा शेवट कापून टाकला. शेवटी मोर्तब असती तर ती गेलेली तरी दिसली असती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण लावावयास सुरुवात केली आणि एका वेळी पाच जणांनाच तो पाठवण्याची मर्यादा भारतात घातली जाईल असे जाहीर केले. पाच हा आकडा राईनपाड्यामुळे माझ्या मनात वेगळाच रुतून बसला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या वर्तमानपत्रात हेच तपासणीचे काम करतो. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला, तेव्हा मी त्याला माझा मारुतीचा व्हिडिओ दाखवला. त्याने त्याची सुटी चित्रे काढली, एकेक चित्र इंटरनेटच्या शोधयंत्रात घातले, आणि चिवड्याची बशी संपायच्या आत तेच चित्र २०१९ च्या बातमीत मला दाखवले. मी विचारले, "व्हिडिओवर तारीख नसते का रे?" तो म्हणाला, "सर, फोटोच्या पोटात वेळ-ठिकाण असतं. पण व्हॉट्सॲपवरून पाठवला की ते गळून पडतं. मग आम्ही दुकानांच्या पाट्या वाचतो, गाड्यांचे नंबर बघतो, सावल्या कुठे पडल्यात ते बघतो, त्या दिवशी तिथे पाऊस होता का ते काढतो. पहिल्यांदा कोणी टाकला तो माणूस शोधतो." मला राजवाड्यांची पेटी आठवली. कागद कोणाकडे होता, हाच तो प्रश्न.

"आणि यंत्राने बनवलेलं चित्र असेल तर? जे कधी घडलंच नाही, त्याचं जुनं चित्र कुठून सापडणार?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिथे एखादा माणूसच लागतो, सर. माझ्याकडे पंचवटीतल्या एका फुलवाल्याचा नंबर आहे. नाशिकच्या पुराचं काहीही आलं की मी आधी त्याला फोन करतो. आणि मग अशा एकाला, की जो त्या फुलवाल्याला ओळखत नाही."

गेल्या पावसाळ्यात असाच दोन दिवस पाऊस लागला. मी मोबाइल घरी ठेवणार होतो, पण पुढे उपयोगी पडला म्हणून बरे. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मी घाटाकडे गेलो. पाणी मारुतीच्या छातीच्या वर होते आणि डोळ्यांदेखत चढत होते. तेथूनच ताईला फोन लावला.

"तू स्वतः बघतोयस?" ताईने विचारले.

"समोर उभा आहे मी."

"उजेड आहे का तिकडे?"

"आहे. संध्याकाळचे पाच वाजलेत."

"मग तसाच इकडे ये," ताई म्हणाली, "या वेळी भांडी तू उचलायची आहेस."