दुःखाचा पुरावा : अमेरिकी इमिग्रेशन कायद्यातील हालअपेष्टा-पत्राचा इतिहास (१९४०–२०२४)

प्रस्तावना

सत्तेपुढे केलेली विनवणी हे इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित साधन नाही. पेशवे दफ्तरातील विनंतीपत्रे असोत की वतनाच्या वादात सादर झालेल्या कैफियती व करीने असोत, अर्जदाराने आपले म्हणणे अधिकाऱ्यास पटेल अशा रीतीने मांडलेले हे लेखन आहे. नॅटली झेमॉन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज' या ग्रंथात सोळाव्या शतकातील फ्रान्समधील माफीपत्रांचा अभ्यास केला. असे कथन रचलेले असते म्हणून ते खोटे ठरत नाही, उलट त्या रचनेतूनच सत्ता आणि प्रजा यांचे नाते वाचता येते, अशी दृष्टी त्यांनी दिली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इमिग्रेशन कायद्याने विसाव्या शतकात असाच एक लेखनप्रकार घडविला. कायद्याने प्रवेशास किंवा वास्तव्यास अपात्र ठरलेल्या व्यक्तीला काही बाबतींत त्या अपात्रतेतून माफी मिळू शकते. या माफीस तेथे 'वेव्हर' म्हणतात. तो मिळावा म्हणून अर्जदाराची पत्नी, पती अथवा आईवडील आपल्या संभाव्य दुःखाचे निवेदन लिहून देतात. प्रस्तुत निबंधात या निवेदनास 'हालअपेष्टा-पत्र' असे म्हटले आहे. या पत्राचा इतिहास हा शासनाच्या वाढत्या करुणेचा इतिहास नसून, कोणाचे दुःख मोजावे आणि कोणाचे मोजू नये, या निवडीचा इतिहास आहे, हे येथील मुख्य प्रतिपादन होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) हालअपेष्टेच्या कायदेशीर निकषात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे. २) त्या बदलांचा पत्राच्या घडणीवर झालेला परिणाम तपासणे. ३) इतिहासाचे साधन म्हणून या पत्रांचे मोल व मर्यादा स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, न्यायनिर्णय आणि शासकीय मार्गदर्शिका यांचा आधार घेतला आहे.

दयेकडून निकषाकडे (१९१७–१९५२)

१९१७ च्या इमिग्रेशन कायद्याने, सलग सात वर्षे अमेरिकेत घर करून राहिलेला परकीय तात्पुरता बाहेर जाऊन परतला तर त्याला स्वेच्छाधिकाराने प्रवेश देण्याची मुभा मजूर खात्याच्या मंत्र्यास दिली. १९२४ च्या कायद्याने देशनिहाय कोटा लागू केला. त्यामुळे कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या आणि हद्दपारीचे प्रसंग वाढले. वर्षानुवर्षे स्थिरावलेली कुटुंबे मोडू लागली, तेव्हा या स्वेच्छाधिकाराला निश्चित निकषाची जोड देण्याची गरज भासली.

ती जोड १९४० च्या परकीय नोंदणी कायद्याने दिली. पाच वर्षांची सद्‌वर्तणूक सिद्ध करणाऱ्या व्यक्तीच्या हद्दपारीमुळे तिच्या नागरिक वा कायदेशीर रहिवासी असलेल्या जोडीदारास, आईवडिलांस किंवा अज्ञान अपत्यास 'गंभीर आर्थिक हानी' पोहोचणार असेल, तर अ‍ॅटर्नी जनरल हद्दपारीला स्थगिती देऊ शकत असे. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, हानी आर्थिक हवी होती, मनाच्या वेदनेला त्यात स्थान नव्हते. दुसरी म्हणजे, वंशाच्या कारणाने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना ही सवलत नव्हती.

भारतीयांचा संबंध याच दुसऱ्या अटीशी येतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, नागरिकत्व कायद्याच्या अर्थाने भारतीय 'गोरे' ठरत नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्याचे दावे सुरू झाले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही असा दावा आला. त्यांनी बचावात आपल्या संभाव्य हानीचा पाढा न्यायालयापुढे वाचला : नागरिकत्वाच्या भरवशावर उभा केलेला वकिलीचा व्यवसाय, विवाह, मालमत्ता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व कायम ठेवले, परंतु त्याचे कारण या हालअपेष्टा नव्हते. नागरिकत्वाचा प्रश्न पूर्वीच न्यायनिर्णित झाला होता, हे ते कारण होते. दुःखकथन ऐकले गेले आणि निकाल मात्र अन्य मुद्द्यावर लागला. पुढील काळातही असे प्रसंग अनेकदा घडले.

१९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला व वर्षाला १०० जणांचा कोटा दिला. १९४८ मध्ये हद्दपारीच्या स्थगितीतील वांशिक अटही दूर झाली. म्हणजे १९४० ते १९४६ या काळात एखाद्या भारतीयाच्या अमेरिकी पत्नीचे आर्थिक नुकसान कितीही मोठे असले, तरी या तरतुदीखाली ते विचारातच घेतले जात नव्हते.

'आत्यंतिक' म्हणजे किती? (१९५२–१९८३)

१९५२ च्या कायद्याने 'आर्थिक हानी' ऐवजी 'अपवादात्मक व अत्यंत असाधारण हालअपेष्टा' हा शब्दप्रयोग आणला. निकष कठोर झाला, मात्र त्याचा आशयही रुंदावला, कारण आता अर्जदाराचे स्वतःचे हालही मोजले जाऊ लागले. १९५७ मध्ये काही अपात्रतांच्या माफीसाठी 'आत्यंतिक हालअपेष्टा' हा तुलनेने सौम्य निकष स्वीकारला गेला आणि १९६२ मध्ये तो हद्दपारीच्या स्थगितीच्या बहुसंख्य प्रकरणांनाही लागू झाला.

'आत्यंतिक' या शब्दाची व्याख्या मात्र काँग्रेसने केली नाही. १९७८ च्या अँडरसन प्रकरणात इमिग्रेशन अपील मंडळाने विचारात घ्यावयाच्या बाबींची यादी दिली : वय, वास्तव्याचा काळ, नातेसंबंध, आरोग्य, मायदेशातील आर्थिक व राजकीय स्थिती, व्यवसाय, समाजातील स्थान इत्यादी. ही यादी अधिकाऱ्यासाठी होती, परंतु पत्र लिहिणाऱ्यांनाही त्यातून आराखडा मिळाला.

१९८१ मध्ये जोंग हा वांग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ ठरविण्याचा प्रश्न प्रशासनाच्या बाजूने सोडविला. अमेरिकेत जन्मलेल्या दोन मुलांच्या शिक्षणाची हानी आणि घर व व्यवसाय विकावा लागल्याने होणारे नुकसान कोरियन दांपत्याने पुढे केले होते. अ‍ॅटर्नी जनरलने या संज्ञेचा संकुचित अर्थ लावला तरी न्यायालयाने त्यात केवळ मतभेदापोटी ढवळाढवळ करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

घटनात्मक कायद्याच्या अध्यापकांना जगदीश राय चढ्ढा यांचा १९८३ चा निकाल विधिमंडळाच्या नकाराधिकारासंबंधी परिचित असतो. त्या खटल्याच्या मुळाशी मात्र हालअपेष्टेचाच निकष होता. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे चढ्ढा विद्यार्थी व्हिसावर आले होते व तो संपल्यानंतर राहिले होते. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची आत्यंतिक हालअपेष्टा मान्य करून हद्दपारी स्थगित केली. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० प्रकरणांपैकी सहा प्रकरणांतील स्थगिती रद्द केली, त्यात चढ्ढा यांचे प्रकरण होते. एका न्यायाधीशाने सुनावणीअंती मान्य केलेले दुःख विधिमंडळाने अमान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने हा नकाराधिकार घटनाबाह्य ठरविला, पण निकष किती लवचीक आहे हे त्यातून उघड झाले.

१९९६ नंतर : मोजणीतून वगळलेली मुले

१९९६ च्या कायद्याने या इतिहासाला सर्वांत मोठे वळण दिले. १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, तर एक वर्ष वा अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशबंदी लागू झाली. या बंदीतून वेव्हर हवा असेल, तर नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराची किंवा आईवडिलांची आत्यंतिक हालअपेष्टा सिद्ध करावी लागते. अर्जदाराचे स्वतःचे हाल येथे मोजले जात नाहीत. त्याच्या अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांचेही हाल थेट मोजले जात नाहीत.

शेजारच्या तरतुदींशी तुलना केली असता ही निवड ठळक दिसते. काही गुन्ह्यांमुळे आलेल्या अपात्रतेच्या माफीत मुलामुलींचे हाल ग्राह्य आहेत. जे-१ व्हिसावर पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी गेलेल्या डॉक्टरांवर, ज्यांत भारतातून गेलेल्यांचाही समावेश होतो, दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. त्या अटीतून हालअपेष्टेच्या आधारे माफी मागताना नागरिक वा कायम रहिवासी जोडीदाराचे आणि अपत्याचे हाल पुढे करता येतात. अर्थात तेथे निकष 'अपवादात्मक हालअपेष्टा' असा आहे. तात्पर्य, डॉक्टरच्या मुलाचे दुःख कायद्याला ऐकू येते, पण व्हिसाविना राहिलेल्या मजुराच्या मुलाचे दुःख मात्र आईच्या दुःखाच्या आडून सांगावे लागते.

पत्राची घडण

या नियमांतूनच पत्राचे व्याकरण सिद्ध झाले. पत्र बहुधा नागरिक जोडीदाराच्या तोंडी, प्रथमपुरुषी असते. त्यात दोन शक्यता मांडाव्या लागतात : अर्जदार परदेशी व कुटुंब अमेरिकेत राहिले तर होणारे हाल, आणि कुटुंब त्याच्यामागे परदेशी गेले तर होणारे हाल. २०१६ च्या शासकीय मार्गदर्शिकेनुसार, नातेवाईक यांपैकी कोणती वाट धरील हे विश्वासार्हपणे दाखविल्यास त्याच वाटेवरील हाल सिद्ध करणे पुरते.

सर्वांत अवघड अट निराळीच आहे. ताटातूट झाल्यावर एरवीही जे दुःख होते, ते 'सामान्य परिणाम' मानले जाते व तेवढ्यावर वेव्हर मिळत नाही. 'त्यांच्यावाचून मला करमणार नाही' हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. 'मला आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागते, गाडी तेच चालवितात, घराचा हप्ता त्यांच्या पगारातून जातो' असे लिहून सोबत डॉक्टरांचा दाखला, पगाराच्या पावत्या व बँकेचे कागद जोडले, तर दुःखाला पुराव्याचे रूप येते. सुटे हाल पुरेसे नसले तरी ते एकत्रितपणे विचारात घ्यावेत, असे तत्त्व मान्य झाल्याने पत्रात आरोग्य, पैसा, शिक्षण, मानसिक स्थिती, मायदेशाची परिस्थिती असे कप्पे पडतात. मुलाचा आजार सांगावयाचा तर त्याचा आईवर काय ताण पडतो, या वळणाने सांगावा लागतो. २०१६ च्या मार्गदर्शिकेने मुलांच्या संगोपनाचा भार एका पालकावरून दुसऱ्यावर येणे ही महत्त्वाची बाब मानली. कायद्याने मुख्य दाराने नाकारलेली मुले अशा रीतीने बाजूच्या दाराने पत्रात आली.

या व्याकरणाची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. कर्तबगार पत्नीला स्वतःला परावलंबी म्हणून रेखाटावे लागते. घरात दडविलेले नैराश्य दाखल्यानिशी उघड करावे लागते. शिवाय, अर्जदाराच्या मायदेशात राहणे का अशक्य आहे हे सांगताना ज्या गावाशी त्याचे मन जडलेले असते, त्याचेच दोष पुराव्यासह मांडावे लागतात.

साधन म्हणून मोल व मर्यादा

ही पत्रे खासगी फाइलींत असल्याने संशोधकाला सहसा उपलब्ध होत नाहीत. प्रशासकीय अपील कार्यालयाचे नावे वगळून प्रसिद्ध केलेले निर्णय वाचता येतात, पण ते प्रथम नाकारल्या गेलेल्या अर्जांबाबतचे असतात. जी पत्रे पहिल्याच फेरीत यशस्वी झाली ती तेथे नसतात. मार्च २०१३ पासून देश सोडण्यापूर्वीच अर्ज करण्याची जी तात्पुरत्या वेव्हरची सोय झाली, तीतील नकारावर अपील नसल्याने ती प्रकरणेही या संग्रहात येत नाहीत. म्हणजे उपलब्ध साधनात अपयशाचा वाटा अधिक आहे, आणि तेथेही मूळ पत्राऐवजी अधिकाऱ्याने केलेला सारांशच आढळतो. इनाम कमिशनच्या काळातील कैफियती वाचणाऱ्यास ही अडचण ओळखीची वाटेल.

निष्कर्ष

१) १९४० ते १९९६ या काळात निकष आर्थिक हानीकडून व्यापक हालअपेष्टेकडे सरकला. परंतु ज्यांचे हाल मोजावयाचे ते वर्तुळ १९९६ मध्ये पुन्हा आखडले.

२) निकषाची व्याख्या न झाल्याने अधिकार अर्थ लावणाऱ्याकडे गेला. विल्किन्सन प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हद्दपारी रद्द करण्याच्या प्रकरणांतील हालअपेष्टेचा निकष सिद्ध तथ्यांना योग्य रीतीने लावला की नाही, हे अपील न्यायालये तपासू शकतात, असे ठरविले. वांग निकालानंतर चार दशकांनी न्यायालयाचे दार काही अंशी उघडले आहे.

३) ही पत्रे व्यक्तिगत भावनांचा उद्गार म्हणून किंवा केवळ कायदेशीर नमुना म्हणून वाचणे, दोन्ही अपुरे आहे. कायद्याने मागितलेल्या साच्यात माणसांनी आपले खरे आयुष्य कसे बसविले, हे त्यांतून कळते.

परदेशस्थ भारतीय कुटुंबांच्या कपाटांत अशा पत्रांच्या प्रती व पहिले कच्चे मसुदे असण्याची शक्यता आहे. मसुदा आणि अंतिम पत्र यांच्यामध्ये जे गाळले गेले, ते शासनाला नको असलेले दुःख होय. संबंधितांची संमती घेऊन व नावे गुप्त राखून त्यांचे जतन झाले, तर शासकीय दफ्तरात ज्याची नोंद नाही असा इतिहास उद्याच्या अभ्यासकाच्या हाती लागेल.