दोन फुटांची विक्रांत

मोहन नगरातल्या माझ्या टेबलावर विक्रांत दोन फुटांची आहे: सातशे फुटांचं जहाज, प्रमाण १:३५०. सगळ्यात जास्त छळलं ते तिरक्या धावपट्टीनं. १९४५ साली इंग्लंडमध्ये जलावतरण झालं तेव्हा ही ‘हर्क्युलिस’ होती, आराखडा सरळ धावपट्टीचा. तिरकी पट्टी आणि वाफेचं कॅटापुल्ट पुढे बेलफास्टला बसवलं. १९६१ला ती आपल्या नौदलात आली. मी १९७१ची करतोय. बॉयलरला तडे गेलेले, तरी ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. अलीझे विमानांचे पंख मात्र दुमडलेलेच ठेवलेत. तेवढी ऐट हवीच. मूळ जहाज २०१४ साली मुंबईत भंगारात काढलं. नव्या विक्रांतच्या पोलादात आमच्या भिलाईचाही वाटा आहे.