पहाटे तीन, जिनाच्या दारात

‘पुढच्या पिढीचं काही खरं नाही बुवा’ हे वाक्य या उन्हाळ्यात तुमच्या तोंडून निदान एकदा तरी निघालं असेल. जळगावात एप्रिल लागला, कूलरची मोटर जळाली आणि नळाला चार दिवस पाणी आलं नाही, की ते निघतंच. मग चला, जरा मागे जाऊन पाहू या. फार मागे नाही, तुमच्या खापरपणजीपर्यंत. चपला इथेच काढा. मोबाइल, चष्मा, पाण्याची बाटली, बीपीची गोळी, सगळं टेबलावर ठेवा. दंडावरचा लशीचा व्रण तेवढा राहू द्या, तो काही काढून ठेवता येत नाही.

डोळे मिटा. आता उघडा.

काही दिसत नाही ना? पहाटेचे तीन वाजलेत, साल 1884, आणि रस्त्यावर दिवा नाही. अनवाणी पायांखालची माती रात्रभरात निवलेली नाही. तुम्ही एक पाऊल पुढे टाकता आणि ते कुणाच्या तरी पोटरीवर पडतं. ‘‘आंधळा शे का रे?’’ अंधारातून आवाज येतो. अहिराणी आहे, घाबरू नका. गुपचूप भिंतीला टेकून बसा. डोळे सरावले की दिसेल, भिंतीच्या कडेकडेने माणसं बसल्या बसल्या झोपलीत. पुरुष आहेत, बायका आहेत. कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाच्या उशाला भाकरीचं फडकं. तंबाखू, घाम, बाळाचं ओलं दुपटं आणि भिंतीपलीकडून येणारा तापल्या तेलाचा वास, सगळं एकात एक मिसळलंय. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. मुंबईकडे माल चाललाय.

हे कापसाचं जिन आहे. दार चारला उघडतं. मग तीनलाच का येऊन बसायचं? कारण इथे कुणाकडे घड्याळ नाही, आणि दार उघडताना तुम्ही दारात नसलात तर तुमच्या जागी दुसरा आत जातो.

दार उघडलं. ढकलले जाल, पण पडू नका.

आत शिरताच आधी कान जातात. डोक्यावर लांबच लांब फिरता दांडा, त्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याखाली एकेक चरक धडधडतोय. तुमच्यापुढे कापसाचा ढीग. मूठभर घ्या, रोलरपुढे सारा. रुई पलीकडे पडते, सरकी खाली गळते. पुन्हा मूठ. पुन्हा सारा. बोटं पात्यापासून सांभाळा. ते जमलं की बाकी काही शिकायचं उरत नाही. पाच मिनिटांत पापण्यांवर तंतू बसतात. अर्ध्या तासात घशात. सकाळचं ऊन पत्र्यावर चढेपर्यंत तुमच्या घामावर रुई चिकटून अंगाला पांढरं केसाळ कातडं फुटलेलं असतं. शेजारची पंचविशीतली बाई साठीची दिसायला लागते. बोलायची सोय नाही, सगळं हातवाऱ्यांवर. पाणी कोपऱ्यातल्या रांजणात आहे, पण तिथवर जायचं म्हणजे हात थांबवायचा, आणि मुकादम बघतोय.

दुपारी कधीतरी तुम्हाला वाटेल, आता सुटी होईल. नाही होणार. हंगाम आहे. खेड्याखेड्यांतून कापसाच्या गाड्या येतायत आणि पावसाआधी माल गाठी बांधून मुंबईला पोचायला हवा. रात्री दहाला सुटलात तर नशीब समजा.

मी रंगवून सांगतोय असं वाटत असेल, तर मुंबई फॅक्टरी कमिशनचे 1885चे कागद आहेत. खानदेशातल्या जिनांबद्दल त्यात साक्ष नोंदवलेली आहे, आणि ती एका व्यवस्थापकाची आहे. पहाटे चार ते रात्री दहा, अठरा तासांचे तीन-चार आणे. घाईच्या दिवसांत तीच माणसं, बाया आणि पुरुष, सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस कामावर. अगदी गळून गेली की नवी माणसं आत घ्यायची. इतके तास काम करणारी पुष्कळदा मरतात, हेही तो माणूस सांगून मोकळा झाला. 1881चा फॅक्टरी कायदा तेव्हा आलेला होता, पण कामाच्या तासांबाबत तो फक्त मुलांबद्दल बोलत होता, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे हंगामी कारखाने त्याच्या बाहेर होते. जिनं हंगामी. विषय संपला.

संध्याकाळी अर्धा तास मिळतो. बाहेर भिंतीच्या सावलीत या. शेजारची बाई फडकं सोडते. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. अर्धी भाकर तुमच्या हातावर ठेवते, विचारत वगैरे नाही. ठेच्याने डोळ्यांत पाणी येतं आणि पापण्यांवरची रुई धुऊन निघते. तेवढाच फायदा. तिचं तान्हं दिवसभर हूं की चूं न करता पडलंय. गुणी नाही ते, त्याला अफूची गोळी दिलेली आहे. रडलं तर कोण बघणार?

मग ती तुम्हाला विचारते, ‘‘कितला पोऱ्या? कितला वाचनात?’’

प्रश्न ऐकलात? मुलं किती, आणि त्यांतली वाचली किती. एका दमात, ठेचा पुढे सारत. या काळात जन्मलेल्या मुलांतली जवळजवळ निम्मी पाच वर्षांची होत नाहीत. तिची स्वतःची सहा झाली, दोन आहेत. तुम्ही सांगता, दोन झाली, दोन्ही आहेत. ती तुमच्याकडे नीट बघते. मोठ्या घरातलं दिसतंय हे माणूस. तुम्ही घाईने सांगता, तसं नाही, आमच्याकडे सगळ्यांचीच जगतात. महाराष्ट्रात हजार मुलं जन्मली तर वर्षाच्या आत सोळाएक जातात, 2020चा आकडा आहे. तिला हजार कळत नाही, ती विशीने मोजते. मग तुम्ही हिशेब करून सांगता, पन्नास विसा मुलांत सोळा. ‘‘येडा शे का?’’ ती हसते. दंडावरचा व्रण बघून म्हणते, देवी काढलेल्या दिसतात. देवी? तो रोगच जगात उरला नाही, तुम्ही सांगता, भारतातला शेवटचा रुग्ण 1975 साली. आता ती हसतही नाही. तिच्या गालांवर देवीचे वण आहेत. ती थोडी बाजूला सरकून बसते. वेड लागलेल्या माणसाजवळ कोण बसेल?

इथे तुमची छाती फुगणं स्वाभाविक आहे. फुगू द्या. ‘जुना काळ सोन्याचा होता’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर या दारात आणून बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवसांतच तो रडकुंडीला येईल.

पण बाई पुन्हा जवळ सरकते. तिचं माहेर पांझराकाठचं, तिकडे फड आहेत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाचं शेत. एका फडात सगळे एकच पीक घेतात. नदीत पाणी किती आहे ते बघायचं, मग काय पेरायचं ते गावाने ठरवायचं. पाटकरी पाणी फिरवतो, जागल्या राखण करतो. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी पडतं. तेव्हा ती सहज विचारते, ‘‘तुमना गावमा पाणी कितलं खोल शे?’’

तुमचं गाव समजा यावलकडचं आहे, केळीचं. तुम्ही मनातल्या मनात फुटांचे परस करता आणि सांगता, शंभर परस.

‘‘शंभर?’’ तिला वाटतं तुम्ही विशीत चुकलात. विहीर म्हटलं की सात-आठ परस, बैलांची मोट, चाकाची करकर. शंभर परसांवर पाताळच लागत असेल. कुणी खणली? मशीनने. पाणी लागलं? लागलं, गेल्या साली लागलं होतं, यंदा आणखी खाली गेलं. ती भाकरीचा घास हातात धरून थोडा वेळ थांबते. ‘‘मंग पोऱ्यासले कितलं खोल जानं पडी?’’

सांगा की. आतापर्यंत एवढं बोलत होतात. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठिबकने पाणी वाचतं हेही ठाऊक आहे, आणि वाचलेल्या पाण्यावर शेजारी आणखी दोन एकर केळी लागते हेही. तिच्या माहेरी नदी बघून पीक ठरत होतं. आपल्याकडे भाव बघून ठरतं आणि पाणी नंतर शोधतात.

तरी तिच्या नदीबद्दल हळवे होऊ नका. पाऊस गेला की त्या बंधाऱ्यातही वाळू असते. ज्या दुष्काळाला पुढे ‘छप्पन्या’ म्हणतील, तो यायला अजून सोळा वर्षंही नाहीत, आणि ती त्यातून वाचेल का, सांगता येत नाही. तुमच्याकडे पाऊस गेला तर टँकर येतो, रेशन येतं, उशिरा का होईना येतं. उपाशी मरणं आणि टँकरची वाट बघणं यांत फार मोठं अंतर आहे. मी जगायला आपलाच काळ निवडीन, क्षणाचाही विचार न करता. फक्त माझ्या नातवंडांसाठी निवड, असं कुणी सांगितलं, तर मात्र बोअरचा प्रश्न आडवा येतो.

आत बॉयलरवाला शिट्टी द्यायच्या तयारीत आहे. माणसं फडकी झटकून उठतायत, खोकतायत. बाई बाळाला भिंतीशी नीट निजवते. मुलगी आहे, हे आता लक्षात येतं. वाकल्या वाकल्याच ती शेवटचं विचारते, ‘‘तुमनाकडे आंडेरी बी जगतस?’’

हो, मुलीही जगतात, तुम्ही म्हणता, आणि खोटं बोलत नाही. जन्मलेल्या जगतात. शाळेत जातात, बारावीला मुलांच्या पुढे असतात, पुण्याला नोकरीला जातात. पुढचं वाक्य शिट्टीत बुडतं, आणि ते बुडालं हे बरंच झालं. कारण पुढचं वाक्य जनगणनेचं आहे. 2001 साली जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 880 मुली होत्या. 2011 साली 842.