मेम्फिसची कचरागाडी : यंत्र, माणूस आणि व्याख्या

आधुनिक नगरांच्या इतिहासात पाणीपुरवठा, रस्ते आणि दिवाबत्ती यांना जे मानाचे स्थान मिळाले आहे, ते कचऱ्याच्या वाहतुकीस मिळालेले नाही. जेथे तिचा उल्लेख येतो, तेथे तो बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा एक अध्याय म्हणून येतो : टोपली गेली, गाडा आला, गाडा गेला, मोटार आली, आणि माणसाचे कष्ट त्या मानाने उणे झाले. हा क्रम खोटा नाही. परंतु अवजड यंत्राने कचरा सुरक्षितपणे हलविणे ही गोष्ट केवळ यंत्रावर अवलंबून असते, असा जो समज त्यातून दृढ होतो, तो मात्र तपासून पाहावयास हवा. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी जे घडले, त्याच्या आधारे ही तपासणी येथे करावयाची आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. तेव्हा यंत्राइतकेच लक्ष शब्दांकडेही गेले, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

प्रथम यंत्राविषयी. घरगुती कचरा वजनाने हलका आणि आकाराने फुगीर असतो. उघडी गाडी भरते ती निम्मी हवेनेच, आणि खेपा वाढतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे कचरा गाडीतच दाबणे. डेट्रॉइटच्या गार वुड या कारखान्याने १९३८ साली हायड्रॉलिक दाबाने कचरा आत लोटून आवळणारी गाडी बाजारात आणली. आपल्याकडे अशा गाडीस आज सर्रास ‘कॉम्पॅक्टर’ म्हणतात. याच सुमारास टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे जॉर्ज डेम्प्स्टर याने यंत्राने उचलून गाडीवर रिकामी करता येईल अशी लोखंडी पेटी तयार केली. ‘डंप’ हे क्रियापद आणि आपले आडनाव यांचा सांधा जुळवून त्याने तिला ‘डेम्प्स्टर डम्पस्टर’ असे नाव दिले. अमेरिकन इंग्रजीत हे व्यापारी नाव पुढे सामान्यनाम झाले. आपल्याकडे ‘जेसीबी’चे झाले, तसेच. एका उद्योजकाचे आडनाव अशा रीतीने भाषेत अजरामर झाले. त्या पेट्या आणि गाड्या हाताळणाऱ्यांस भाषेने काय दिले, ते पुढे येईलच.

या यंत्रांत एक मर्म आहे. हाताचे काम संपून यंत्राचे जेथे सुरू होते, तेथेच धोका एकवटतो. टोपली वाहणारा मनुष्य थकतो, त्याची पाठ जाते, त्यास रोग जडतात; परंतु टोपली त्यास चिरडीत नाही. दाबणाऱ्या गाडीच्या तोंडाशी मात्र दट्ट्या आणि माणूस यांत काही इंचांचेच अंतर असते. त्या दट्ट्यास कचरा कोणता आणि हात कोणता, हे कळत नाही. म्हणून अशा यंत्रास काही बंधने घालावी लागतात. बटण दाबून धरले असेल तोवरच दट्ट्या चालावा, सोडताच थांबावा. थांबविण्याची कळ तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी असावी. तारा पावसापासून झाकलेल्या असाव्यात. आणि पोटात माणूस असताना यंत्र सुरूच होऊ नये. यांत गहन शास्त्र काही नाही. खर्च आहे आणि देखभाल आहे, इतकेच.

मेम्फिसमध्ये कचरा उचलणारे जवळजवळ सर्व कामगार कृष्णवर्णीय होते, आणि वरचे अधिकारी गोरे. कामगार घरांच्या मागल्या अंगणात जाऊन पिंपांतील कचरा टबात ओतून घेत आणि तो टब डोक्यावर वा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत येत. टब गळके असत. घाण अंगावरून ओघळे. ज्या राज्यात ‘डम्पस्टर’ जन्मास आला, त्याच राज्यातील ही स्थिती. त्यांना ‘चालती गिधाडे’ म्हणून हिणवले जाई. मजुरी तासावर होती, आणि ती इतकी तुटपुंजी की पूर्ण वेळ राबूनही अनेकांची कुटुंबे सरकारी साहाय्यास पात्र ठरत. जानेवारी १९६८ च्या अखेरीस पाऊस आला तेव्हा गटारांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांस दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठविण्यात आले. गोऱ्या मुकादमांचा दिवस मात्र पूर्ण भरला. यानंतर दोनच दिवसांत पुढील घटना घडली.

१ फेब्रुवारीसही पाऊस होता. एकोल कोल (वय ३६) आणि रॉबर्ट वॉकर (वय ३०) हे दोघे शहराच्या पूर्व भागात एका गाडीवर कामास होते. चालकाच्या कोठडीत सर्वांना पुरेल इतकी जागा नव्हती. गोऱ्यांच्या वस्तीत कुणाच्या पडवीत उभे राहण्याची सोय नव्हती. तशी ताकीदच होती. तेव्हा हे दोघे आडोशासाठी गाडीच्या पिंपासारख्या पोटात, कचऱ्याच्या जागी, शिरले. विजेच्या तारांत बिघाड होऊन दट्ट्या आपोआप सुरू झाला. चालकाने थांबविण्याचे बटण दाबले. ते चालले नाही. दोघेही आत ओढले जाऊन चिरडून मेले. या नमुन्याच्या गाड्या जुनाट आणि धोक्याच्या झाल्या असल्याची तक्रार कामगारांनी पूर्वीच केलेली होती.

आता या मृत्यूचे कारण काय म्हणावयाचे? यंत्रज्ञ म्हणेल, तारा. ते बरोबरच आहे. परंतु ती दोन माणसे त्या पोटात का होती, हा प्रश्न तारांनी सुटत नाही. त्याचे उत्तर पडवीत आहे. अपघाताचा इतिहास लिहिताना आपण यंत्रातील बिघाड तेवढा नोंदतो आणि माणसास त्या यंत्राच्या तोंडाशी आणून सोडणारी व्यवस्था गाळतो. ही गोष्ट मला तरी पद्धतीची चूक वाटते.

येथून पुढचा भाग व्याख्यांचा आहे. कोल आणि वॉकर हे नगरपालिकेच्या दप्तरी ‘अवर्गीकृत’ कामगार होते. या एका विशेषणाचा अर्थ असा की, अपघाताच्या भरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. शहराने प्रत्येक कुटुंबास एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. कर्तव्य म्हणून नव्हे, औदार्य म्हणून. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या १९३५ च्या केंद्रीय कायद्यातही ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतून राज्ये आणि नगरपालिका वगळलेल्या होत्या. म्हणजे एखाद्या खाजगी कारखानदाराने अशी गाडी चालविली असती तर तो मालक ठरला असता. शहर मात्र ठरत नव्हते. मेयर हेन्री लोब हा पूर्वी याच खात्याचा प्रमुख होता. संघटनेशी बोलणी करणे त्याने नाकारले आणि संप बेकायदेशीर असल्याचे सांगितले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याच्या बाजूस बळ होते, हे मान्य केले पाहिजे.

१२ फेब्रुवारी रोजी सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांचा पुढारी टी. ओ. जोन्स हा स्वतः कचरा उचलणाऱ्यांपैकीच. संघटनेच्या शाखेचा क्रमांक १७३३; त्यातील शेवटचे दोन अंक १९६३ मध्ये कामावरून काढलेल्या ३३ जणांच्या स्मरणार्थ घेतलेले. संपकऱ्यांच्या गळ्यांत जे फलक आले त्यांवर चारच शब्द होते : ‘आय ॲम अ मॅन’. याचे मराठी भाषांतर ‘मी माणूस आहे’ असे सहज करता येते, पण त्यात अर्धा अर्थ सांडतो. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय पुरुष साठीचा झाला तरी गोरा मनुष्य त्यास ‘बॉय’ म्हणून हाक मारी. ‘मॅन’ हा शब्द प्राण्याच्या वा यंत्राच्या विरोधात तर आहेच, शिवाय तो त्या ‘बॉय’च्याही विरोधात आहे. आपल्या उपाहारगृहांत मिशा पिकलेल्या नोकरासही ‘पोऱ्या’ म्हणण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा विरोध समजण्यास अडचण पडू नये.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तो विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे या संपाच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला तडजोड झाली. संघटनेस मान्यता मिळाली. मजुरीत ताशी प्रथम १० आणि नंतर ५ सेंट वाढ ठरली. किंग यांच्या चरित्रकथनात कोल आणि वॉकर यांना बहुधा एक वाक्य मिळते, तेही निमित्त म्हणून.

अमेरिकेने १९७० साली कामाच्या जागी सुरक्षिततेचा व्यापक केंद्रीय कायदा केला. या कायद्याने यंत्रांवरील आवरणे, रोधक कळा इत्यादींविषयी पुष्कळ काही साधले. परंतु ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतून राज्ये आणि त्यांचे उपविभाग याही वेळी वगळले गेले. राज्याने स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली तरच नगरपालिकेच्या कामगारास ते संरक्षण मिळणार होते. दोन वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या कामगारांच्या मृत्यूने देश हादरला होता, नेमके तेच या वाक्यखंडाने बाहेर राहिले.

आपल्याकडील एका उदाहरणाची येथे आठवण होते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा कर होता. म्हणजे मैला वाहणाऱ्याचे नाव निदान कायद्याच्या पानावर तरी होते. शंभरांहून अधिक वर्षांनी त्याच शहरात कॉम्पॅक्टर आणि डंपर आले, तेव्हा त्यांच्या मागे धावणाऱ्या कंत्राटी कामगारांस कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हटले जाऊ लागले, आणि त्यांच्या मजुरीस ‘मानधन’. स्वयंसेवकास हातमोजे, बूट वा भरपाई मागण्याचा अधिकार कोठून असणार? २००० सालच्या केंद्रीय नियमांनी कचऱ्याची हाताने हाताळणी वर्ज्य ठरविली होती, आणि एकच कचरा पुनःपुन्हा उचलावा लागू नये अशी वाहने असावीत असेही सांगितले होते. पण नियमास कामगार दिसावयाचा तर तो आधी कामगार ठरावा लागतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा वाद न्यायालयात नेला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २,७०० जणांस महापालिकेचे कायम कामगार मानण्याचा निर्णय उचलून धरला. निकालानंतरही काहींचे कायम होणे रखडले, कारण त्यांच्या नावांचे स्पेलिंग निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे होते.